कोरी फळी

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, त्यांच्यावर स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायची फळी, आडवा टाकला आणि त्याच्या मधोमध उभं राहायला एक पाय वर घेतला. एक हात भिंतीला, दुसरा वॉशिंग मशीनवर. मशीन नेमकं कपडे पिळण्याच्या फेरीत होतं, त्यामुळे माझा हात, खांदा आणि खालची फळी, आम्ही सगळेच थरथरत होतो. तेवढ्यात जिन्यावर आई दिसली. एका हाताने कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरत होती, दुसऱ्या हातात रिकामी बादली. अमेरिकेत येऊन दोन महिने झाले तरी कपड्यांच्या बास्केटवर तिचा भरवसा बसलेला नाही. शेवटच्या पायरीवर ती थांबली. खुर्च्यांकडे बघितलं, फळीकडे बघितलं, माझ्या अधांतरी पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "मोडायलीस का वाकवायलीस?"

"मऊ करतेय," मी म्हटलं. "फार कडक आहे. वळत नाही."

"मऊ करायला ते काय पायताण हाय?" असं म्हणून ती मशीनचा आवाज थांबायची वाट बघत उभी राहिली. उत्तराची वाट ती बघत नव्हती. मी पाय खाली घेतला, खुर्च्या जागेवर ठेवल्या, फळी भिंतीला टेकवली. तिच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप कोल्हापूरला जाते, 'मी येतो', 'मी करतो' सुरू होतं. त्या दुपारी मात्र मी फारसं काही बोललेच नाही. तो प्रश्न घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा राहिला. गिळलाही जाईना, बाहेरही येईना. शिवाय तो कुठेतरी आधी ऐकलाय असंही वाटत होतं.

हा बोर्ड मी घेतला तो स्वस्तात मिळाला म्हणून. दुसरं कारण नाही, उगाच सजवून सांगण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये सीझन संपताना दुकानं माल काढतात, तेव्हा एका दुकानाच्या मागच्या भिंतीला हा उभा होता. १५५ सेंटिमीटर, पुरुषांचा, काळा, मधून एक भगवी रेघ, आणि किमतीवर लाल शाईने दोनदा काट मारलेली. आधीचे दोन हिवाळे मी भाड्याच्या बोर्डांवर काढले होते. भाड्याचा बोर्ड म्हणजे आपल्याकडच्या तासाच्या सायकलीसारखा. हजार जणांनी चालवून त्याचा स्वभाव इतका सैल झालेला असतो की कोणाचंही ऐकतो. मी हा काळा बोर्ड समोर उभा धरला, टोक हनुवटीला लागलं, झालं माप. वर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, कडकपणा दहापैकी सात. दहापैकी सात म्हणजे आपल्या हिशेबात बरे मार्क. पहिला वर्ग. मला तो आकडा चक्क आवडला. हे आकडे जो तो कारखाना आपल्या मनाने देतो, त्याला कुठलंही सामाईक माप नाही, एकाचा पाच तो दुसऱ्याचा सात असू शकतो, हे मला डिसेंबर उजाडेपर्यंत माहीत नव्हतं.

आम्ही जातो ते वाचुसेटला. घरापासून अर्ध्या तासावर, मॅसॅच्युसेट्सच्या मधोमध एकटाच उभा असलेला दोन हजार फुटांचा डोंगर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने त्याला डोंगर म्हणायचं की टेकाड, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून बोस्टनच्या उंच इमारती काडेपेट्यांसारख्या दिसतात. आम्ही ऑफिस-शाळा आटोपून रात्री जातो, दिव्यांच्या उजेडात. संध्याकाळी नुकतंच यंत्र फिरून गेलेलं असतं, बर्फावर बारीक सरळ सऱ्या पडलेल्या असतात, पेरणीआधीच्या रानासारख्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बोर्डाखाली त्या सऱ्यांची गुणगुण ऐकू येते, पोटरीपर्यंत जाणवते. आठ वाजले की शेकडो लोकांनी घासून घासून वरचा भुगा बाजूला सारलेला असतो आणि खाली निव्वळ बर्फाचा तुळतुळीत थर उघडा पडतो. मग आवाज बदलतो. उलथन्याने तवा खरवडावा तसा.

त्या आवाजात नवा बोर्ड मला कळायला लागला, म्हणजे मुळीच कळेना. भाड्याच्या बोर्डावर वळायचं नुसतं मनात आणलं तरी तो वळायचा. हा सरळ जायचा. मी पुढच्या पायावर भार टाकायचे, तो सरळच. आणखी टाकायचे, सरळच. वेग वाढला की पोटात गोळा यायचा, मी घाबरून मागे रेलायचे, आणि मग साहेबांना एकदम आठवण व्हायची की अरे, वळायचं होतं. टाचेकडची पोलादी कड अचानक बर्फात रुतायची आणि मी माकडहाडावर. लेक तेरा वर्षांची, तिच्या मऊसूत पोरकट बोर्डावरून खाली जाऊन माझी वाट बघत उभी असायची आणि गॉगल वर करून विचारायची, "आई, यू ओके?" त्या दोन शब्दांत काळजी किती आणि लाज किती हे मी मोजत बसत नाही.

मी सांगलीला वालचंदमध्ये मेकॅनिकल केलं आहे. गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये पोट भरतेय, पण तुळई, भार आणि वाक एवढं अजून डोक्यात शिल्लक आहे. स्नोबोर्ड म्हणजे शेवटी एक सँडविच. मधे लाकूड, बहुतेक वेळा पॉप्लर किंवा तसलंच हलकं काहीतरी, वर-खाली काचतंतूंचं कापड, सगळं राळेत भिजवून गरम दाबयंत्रात एकजीव केलेलं. तळाला प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर, कडांना पोलादाच्या पट्ट्या. ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. म्हणजे जाडी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के नाही, सत्तावीस टक्के उतरतो. हे आठवलं त्या रात्री माझ्या डोक्यात सगळ्यात आधी काय आलं असेल? पॉलिश पेपर. वरून थोडं घासून काढू! पण सँडविचमध्ये खरा भार पेलतात ते बाहेरचे थर. वरचं कापड ताण-दाब खातं आणि मधलं लाकूड त्या दोन कापडांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतं. वरून घासायला गेलं की आधी तेच कापड फाटणार. शिवाय काचेचा भुगा अंगाला लागला की आठवडाभर खाज सुटते, हे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये अनुभवलेलं आहे. पेपर परत खणात गेला.

मग खुर्च्या. तोही, विचार केला तर, आमच्या लॅबमधलाच प्रयोग. दोन टोकांना आधार, मधे भार, आणि मोडेपर्यंत वाढवत न्यायचं. मोडेपर्यंत, हा शब्द मला त्या दिवशी खुर्च्या मांडताना आठवायला हवा होता. माझ्या वजनाने तो मोडला नसताच. थोडा खाली गेला असता आणि मी उतरल्यावर शांतपणे परत वर आला असता, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. लवचीक वस्तूचा तोच तर धर्म. आणि वर उड्या मारायला लागले असते, जी माझी पुढची पायरी होती, तर सगळा दणका मधल्या एका रेषेत बसून लाकूड आणि कापड एकमेकांपासून सुटलं असतं. सुटलं की आत पाणी शिरतं, पाणी गोठतं, आणि मग ती फळी दुरुस्त होत नाही. डोंगरावर चढवणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर शेजारी बसणारे लोक एकेक नमुनेदार उपाय सांगतात. गाडीत काचा लावून उन्हात ठेव. विटांवर टेकवून वर कुंड्या ठेव. एकाने तर भोकं पाडायला सांगितलं. इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की मी दोन मिनिटं खरंच कुठे पाडायची याचा विचार करत होते.

शेवटी कडांना धार लावणाऱ्या एका छोट्या दुकानात घेऊन गेले. विशीतला पोरगा, बोटं मेणाने काळी पडलेली. त्याने बोर्ड उभा केला, शेपटीला बुटाचा आधार दिला, एक हात टोकावर, दुसरा पोटावर, आणि सगळं अंग टाकून दाबला. आंबा पिकलाय का बघताना देठाजवळ अंगठ्याने दाबतात ना, तेवढीच ती सराईत हालचाल होती, फक्त सबंध शरीराने केलेली. मग नाकापासून शेपटीपर्यंत एकदा पिळून बघितला. मग माझ्याकडे बघून वजन विचारलं. आपल्याकडे परक्या पोराने त्रेचाळीस वर्षांच्या बाईला वजन विचारलं असतं तर तिथेच विषय संपला असता. चोपन्न किलो, मी सांगितलं. त्याने काही न बोलता बोर्डावरचा तो जुना कागद बोटाने दाखवला. अडुसष्ट ते नव्वद. तो आकडाही तिथे पहिल्या दिवसापासून छापलेला होता. पहिल्या वर्गाच्या आनंदात मी खाली वाचलंच नव्हतं. वर त्याने माझ्या बुटाचा तळ बोर्डाच्या कंबरेवर धरून दाखवला. दोन्ही बाजूंना फळी उरत होती. बोटं आणि टाच कडेपर्यंत पोचत नसतील तर कड उचलायला जोर कुठून येणार? तू ज्याला कडकपणा म्हणतेस त्यातला थोडा नुसता रुंदपणा आहे, असं तो म्हणाला. बाकीच्याचं काय करू विचारलं तर खांदे उडवून म्हणाला, चालव. वीसेक दिवस चालव, थोडा उतरेल.

उतरेल. हा शब्द माझा, त्याचा नव्हे, पण मराठीत तोच बसतो. नव्या कपड्याची खळ उतरते तसा.

आमच्या घरी कोरं काही थेट अंगाला लागायचं नाही. कोरं लुगडं आधी पाण्यातून काढायचं. पांढऱ्या पाण्यात खळ सुटायची आणि न्हाणीत पिठुळ वास भरून राहायचा. दोघींनी दोन टोकं धरून पिळा घालायचा. एका बाजूने आजी, दुसऱ्या बाजूने आई, आणि आईच्या बाजूने मी लुडबुडत. ओलं कापड दोरखंडासारखं वळत जायचं आणि मधेच कुठेतरी त्याचा ताठा सुटल्याचं हाताला कळायचं. नव्या पायताणाला रात्री तेल. बाबा शिवाजी चौकाच्या मागून आणलेली नवी जोडी वर्तमानपत्रावर उताणी ठेवून एरंडेल चोळायचे, अंगठ्याच्या पट्ट्याला दोनदा, टाचेला एकदा. सकाळी घालून फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दुसऱ्या दिवशी मंडईपर्यंत. आठवड्याने रंकाळ्यापर्यंत. पाय कापून निघायचे, घामाने आणि तेलाने चामडं काळं पडायचं, आणि महिन्याभराने ती जोडी फक्त बाबांच्या पायाची झालेली असायची. दुसऱ्या कुणी चुकून घातली तर पहिल्याच पावलाला कळायचं. देवळातून एकदा कुणीतरी तसली जोडी नेली तेव्हा बाबा अनवाणी घरी आले आणि म्हणाले, त्याला लागणार बघ. त्यात सूड होता की सहानुभूती, अजून ठरवता आलेलं नाही.

भावाची बॅट मात्र वेगळी. ती जवसाचं तेल पाजून, जुन्या मोज्यात चेंडू घालून तो गच्चीत तासन्तास ठोकत बसायचा, खालच्या मजल्यावरचे काका ओरडेपर्यंत. आम्हाला वाटायचं बॅट मऊ करतोय. खरं तर ते उलट आहे. ठोकून ठोकून वरचे तंतू दाबून घट्ट करायचे असतात, म्हणजे चेंडूच्या फटक्याला लाकूड चिरत नाही. एकाच माळ्यावर एक जण मऊ करतोय आणि दुसरा घट्ट करतोय, आणि दोघांच्याही हाताला तेलच.

आणि वाकळ. वाकळीला कोरं कापड चालतच नाही. आजी म्हणायची, ज्या लुगड्यातून हात आरपार दिसायला लागला ते वाकळीचं. फाटण्याच्या अगदी अलीकडचं कापड सगळ्यात मऊ असतं. बाळाला दुपटं करायलाही तेच लागतं. माझ्या लेकीसाठी आईने कोल्हापुराहून पाठवलेलं दुपटं आजीच्या अंजिरी लुगड्याचं होतं. पहिल्या वर्षातच ते मधोमध उसवलं, मी वरून टाके घातले, पुन्हा उसवलं. टाकवलं नाही. अजून कपाटात आहे. हातात घेतलं तर साय उचलल्यासारखं वाटतं, उचलताना भीती वाटते ती पण सायीचीच.

तर स्नोबोर्ड मऊ होतो तो यातला कुठला प्रकार, हे मी जरा शोधलं. त्यात तेल नाही, घाम नाही, कुणाच्या पायाचा आकार घेणं नाही. फळी वाकते तेव्हा एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि काचतंतूंना धरून ठेवणाऱ्या राळेत डोळ्याला न दिसणारे बारीक तडे जातात. पहिल्या काही दिवसांत जास्त, मग सावकाश. तेवढ्याने ताठा कमी होतो. सोडल्यावर उसळी मारून वर येण्याचा जोरही कमी होतो. भाड्याचे बोर्ड गुणी नव्हते, ते दमलेले होते. म्हणजे मी ज्याची वाट बघत होते, ज्यासाठी खुर्च्या मांडत होते, ते बोर्डाचं थोडं थोडं मोडणंच होतं. आईचा प्रश्न निम्मा चुकला होता. त्यात 'का' नव्हता.

मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणत आपण वाढलो. राळेला ही सोय नाही.

फेब्रुवारीत आम्ही स्ट्रॅटनला गेलो, व्हरमाँटमध्ये, अडीच तास गाडी हाकून. आई मागच्या सीटवर शेंगदाण्याचे लाडू घेऊन. सगळ्यांचे आईवडील इकडे उन्हाळ्यात येतात, ट्यूलिप बघतात, नायगारा बघतात. आमची आई 'बर्फ बघायचाय' म्हणून हट्टाने नोव्हेंबरात आली आणि पहिल्या पंधरा दिवसांतच बर्फाचं तोंड बघून कंटाळली. स्ट्रॅटनचं मला अप्रूप यासाठी की १९८३ मध्ये स्नोबोर्डवाल्यांना आपल्या लिफ्टवर घेणाऱ्या पहिल्या मोठ्या ठिकाणांपैकी ते एक. त्याच्या जवळच्याच लंडनडेरी गावात जेक बर्टन कारपेंटरने १९७७ मध्ये फळ्या बनवायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९६५ च्या नाताळच्या दिवशी मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या बापाने पोरींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून दिल्या होत्या. बायकोने स्नो आणि सर्फर मिळून त्याचं नाव ठेवलं स्नर्फर. नंतर बाजारात आलेल्या स्नर्फरला पाय बांधायला काही नव्हतं, कडेला पोलाद नव्हतं, नाकाला फक्त एक दोरी. बैलाच्या वेसणीसारखी. वळायचं म्हणजे दोरी ओढायची आणि देवाचं नाव घ्यायचं. आणि या सगळ्यानंतर, ऑलिंपिकमध्ये खेळ जाऊनही पाव शतक उलटल्यावर, त्याच व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन नावाच्या डोंगरावर आजही स्नोबोर्डला बंदी आहे, फक्त स्की चालते. मी आईला हे सांगितलं. "मग बरोबर हाय की," आई म्हणाली. "पायात फळ्या दोन असताना जोडायच्या कशाला?"

तोवर मी कडकपणाशी थेट भांडायचं सोडून आजूबाजूने काही गोष्टी केल्या होत्या. पाय बांधायची बाइंडिंग बसवायला बोर्डात भोकांच्या जोड्या असतात, दोन-दोन सेंटिमीटरवर. माझी बाइंडिंग कुणा सहा फुटी माणसाच्या फाकेवर बसवलेली होती. मी दोन्ही बाजूंनी एकेक भोक आत घेतलं. चार सेंटिमीटर म्हणजे काय, चार बोटंही नाहीत. पण गुडघे, जे इतके दिवस तंबूच्या खुंट्यांसारखे बाहेर ताणलेले होते, ते एकदम दुमडायला लागले. बुटांच्या वरच्या नाड्या सैल केल्या, घोटा पुढे झुकू लागला. टोकाच्या आणि शेपटीच्या जवळ, जिथे कड पहिल्यांदा बर्फाला टेकते, तिथली धार खरखरीत रबरी दगडाने किंचित मारली. किंचितच. आमच्याकडे पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, नाही, काच आहे, जास्त मारली तर रात्री आठनंतर घसरगुंडीच. यातल्या कशाने बोर्ड एक कणभरही मऊ झाला नाही, हे मला माहीत आहे.

बाकीचं काम पिळ्याने केलं. हे मला शिकवलं लेकीने, आणि तेही वैतागून. "तू सगळा बोर्ड एकदम फिरवायला बघतेस," ती म्हणाली. "आधी फक्त पुढचा पाय." पुढच्या पायाची बोटं दाबायची आणि मागची टाच तशीच धरून ठेवायची. दोन पायांच्या मधली फळी पिळली जाते. टोकाकडची कड आधी बर्फ धरते, शेपटी मागून येते. वाकवायला तो बोर्ड माझ्यासाठी दहापैकी सात होता, पण पिळायला तेवढा नव्हता. मी पहिल्यांदा नीट केलं तेव्हा माझ्या हातांना, हो, हातांना, न्हाणीतलं ते ओलं लुगडं आठवलं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी उलटं वळवतंय आणि मधे कापडाचा ताठा सुटतोय. त्या फेरीत मी सलग सात वळणं घेतली. आठव्याला पडले. पण ते पडणं माझं होतं, त्याचं नव्हतं.

स्ट्रॅटनच्या लॉजमध्ये आई काचेशेजारी बसून होती, उजवा पाय समोरच्या खुर्चीवर. मी बूट काढत होते, ती गुडघा चोळत होती, थंडीत तो धरतो. तिने टाच आसनावरून मागे ओढली, गुडघा जेमतेम काटकोनात आणला, दात-ओठ खाल्ले आणि सोडला. आणि मला एकदम आठवलं तो प्रश्न कुठे ऐकला होता.

तीन वर्षांपूर्वी तिचा गुडघा बदलला तेव्हा मी इथे होते. जायला जमलं नाही. का जमलं नाही याची कारणं मी तेव्हा सगळ्यांना सांगितली होती, आता सांगत नाही. इथे रात्रीचे नऊ वाजले की तिथे सकाळचे साडेसात, फिजिओथेरपीचा मुलगा घरी यायची वेळ. भाऊ फोन उशाशी टेकवून ठेवायचा. मला पडद्यावर दिसायचा तो फक्त छताचा पंखा, मुलाची कोपरं, आणि कधी कधी आईची मूठ, चादर धरलेली. तो प्लॅस्टिकच्या कोनमापकाने माप घ्यायचा आणि मोठ्याने सांगायचा. पंचावन्न. दुसऱ्या दिवशी साठ. एक दिवस पुन्हा पंचावन्न, त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. आणि एके सकाळी, सत्तराच्या पलीकडे तो रेटत असताना, आई, जिने उभ्या आयुष्यात शाळेतल्या पोरांनाही आवाज चढवला नाही, जोरात ओरडली, "मोडायलाईस का वाकवायलाईस रे?"

मुलगा थांबला नाही. त्याच तालात दाबत म्हणाला, "थोडं दोन्ही, आजी. आत चिकटलंय ते सुटायला पाहिजे की."

मी इथे कॅमेरा बंद केला होता. नेट गेलं, असं नंतर सांगितलं. लॉजमध्ये बसून मी आईला विचारलं, तुला तो पोरगा आठवतो का? म्हणाली, आठवतो की, गेल्या दिवाळीला फराळ दिला त्याला. लाडू दे पोरीला, गार पडायलेत.

आता मार्च संपत आलाय. वाचुसेटवर खालच्या बाजूला बर्फातून गवत दिसायला लागलंय. बोर्डावर माझे एकोणीस दिवस झाले. परवा बेसमेंटमध्ये मी तो सपाट फरशीवर ठेवला. कोरा होता तेव्हा मधोमध कमान उचललेली होती, आणि तिच्याखालून एकावर एक रचलेली चार क्वार्टरची नाणी न घासता आरपार सरकायची. हे माप मी पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवलं होतं, वालचंदची सवय. आई बादली घेऊन उतरली, तिला म्हटलं जरा धर. ती जिन्याच्या पायरीवर बसली, वाकून नाणी सरकवली. सर्वात वरचं नाणं मधे टेकलं, खर्र आवाज झाला आणि निसटून फरशीवर गोल फिरत राहिलं.

"अडकायलंय," ती म्हणाली.

"म्हणजे मऊ झालाय थोडा."

तिने तळहात त्या काळ्या पाठीवर ठेवला, अंगठ्याने दाबून बघितलं, जिथे माझ्या बाइंडिंगच्या कडेने पातळ पांढरी रेष उमटली आहे तिथे नख फिरवलं. मग नाणी उचलून पदराच्या टोकाला बांधल्यासारखी मुठीत धरली आणि भिंतीकडे बघू लागली, जिथे माझी मसाल्याची खोकी अजून जमिनीवरच पडून आहेत.

"पार मऊ झाला की टाकू नकोस," ती म्हणाली. "हितं दोन खुंट्या मारू. फळी होईल."